घरची मिरची

लग्न होऊन पहिल्यांदा आखातात, रास अल खैमाला निघाले तेव्हा आईने एक पुरचुंडी माझ्या पर्समध्ये कोंबली. आत जाडं मीठ, मोहरी आणि मूठभर सुक्या लाल मिरच्या. "नव्या घरात पाऊल टाकलंस की आधी दोघांची दृष्ट काढ," ती म्हणाली. "लग्नाला एवढी माणसं आली होती. कुणाची नजर कशी, काय सांगावं?"

मिरच्या आमच्या परसातल्या होत्या. बोटाच्या दोन पेरांएवढ्या, आभाळाकडे तोंड करून उभ्या लागणाऱ्या, आणि तिखट म्हणजे अशा, की चिरल्यावर तोच हात चुकून डोळ्याला लागला तर दिवस वाया गेलाच समजा. आमच्याकडे कोल्हापूरच्या बाजूला अशा गावठी बियाण्याला जवारी म्हणतात. आई लग्न होऊन आली तेव्हा हे बी तिने तिच्या माहेराहून आणलं होतं. त्यानंतर दर मृगाला ती ते लावत आली.

मी काही दृष्ट काढली नाही. नवं लग्न, परका देश, नवरा सकाळी कारखान्यात गेला की संध्याकाळपर्यंत मी घरात एकटी. बाहेर पाहावं तर भगभगीत ऊन आणि पाण्याच्या टाक्या. पुरचुंडी उघडली की आमच्या परसाचा वास यायचा. तो वास गॅसवर जाळून टाकायचा, हे मला जमेना. फोनवर आईला तसं सांगितलं, तर रागावली नाही. "मग लाव की," म्हणाली. "जाळायच्या नसतील तर लाव."

लाव म्हणणं सोपं होतं. गावाला मिरची लावायची म्हणजे काय करतात? बी फेकायचं आणि भांडी घासलेलं पाणी तिकडे सोडायचं. बाकीचं मिरची बघते. इथे मी पहिल्या वर्षी हवा जरा बरी झाल्यावर, नोव्हेंबरात, बाल्कनीतल्या कुंडीत बी टाकलं. रोपं आली, हळूहळू वाढली, आणि फुलावर आली तेव्हा एप्रिल संपत आला होता. आठवडाभर गरम वारा सुटला आणि एकूण एक फूल गळून पडलं. पाच-सहा मिरच्या तेवढ्या धरल्या होत्या, त्या मी जिवापाड जपल्या.

तेव्हा कळलं की इथे मिरचीला बाहेरचे दिवस फार थोडे मिळतात. ऑक्टोबर संपता संपता बाहेर ठेवायचं आणि मे उजाडला की हात जोडायचे. त्यामुळे रोप ऑक्टोबरपर्यंत वीतभर वाढून तयार पाहिजे, आणि त्यासाठी बी ऑगस्टच्या ऐन भाजणाऱ्या उन्हाळ्यात घरात उगवायला पाहिजे. इतर बायका मुलांना घेऊन जुलै-ऑगस्टात गावी जायच्या. मी मिरच्यांसाठी थांबायचे आणि माहेरी जायचं ते हिवाळ्यात. "तिचं डोहाळजेवण चालू आहे," असं हे मित्रांना सांगायचे.

एसीच्या गारठ्यात मिरचीचं बी फुगून बसतं पण उगवत नाही. दोन वर्षं मी ह्याच्यात घालवली. मग एकदा फ्रिजवरचा पसारा आवरताना हाताला लागलं की मागच्या बाजूला वरती फ्रिज छान कोमट असतो. तेव्हापासून ओल्या फडक्यात बी गुंडाळून, डब्यात घालून, डबा फ्रिजवर. मोड दिसला की लबानच्या रिकाम्या ग्लासात. लबान म्हणजे इथलं ताक. ते ग्लास मी वर्षभर धुऊन साठवायचे आणि तापवलेल्या सुईने त्यांना बुडाशी भोकं पाडायचे. मग ते सगळे ग्लास बेडरूमच्या खिडकीत. ऊन आत येऊ नये म्हणून इथे लोक खिडक्यांना आतून चंदेरी फॉइल चिकटवतात. आमच्या बेडरूमच्या खिडकीला खालून हातभर फॉइल मी सोलून काढायचे, रोपांना उजेड मिळावा म्हणून. नळाचं पाणी खारट, ते कोवळ्या रोपांना चालत नाही. म्हणून एसीतून बाहेर ठिबकणारं पाणी बादलीत धरायचं आणि चमच्याने घालायचं.

आमचे हे टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर इंजिनिअर. घरी येऊन बूट काढताना म्हणायचे, "मी दिवसभर भट्टीत, आणि बाईसाहेबांच्या मिरच्या एसीत." पण रात्री एसीचा झोत थेट रोपांवर येतो म्हणून त्यांनीच पुठ्ठा कापून आडोसा केला होता. पुठ्ठा काटकोनात नाही असं मी म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी मोजून नवा आणला.

आईशी बोलणं शुक्रवारी. ती शेजारच्या दुकानात येऊन बसायची, आम्ही इकडून लावायचो. तब्येतपाणी दोन वाक्यांत उरकायचं आणि मग, "उगवली का?" उगवली म्हटलं की, "किती पानांवर आहेत?" तिचे नियम ठरलेले होते. बी काढून पुडीत ठेवायचं नाही. मिरचीच्या पोटातच राहू द्यायचं, लावायच्या दिवशी मिरची फोडायची. सगळ्यात ठसठशीत अशा सात-आठ मिरच्या झाडावर लाल होऊ द्यायच्या, दोऱ्यात ओवून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगायच्या, त्यांना कुणी हात लावायचा नाही. आणि शिळं बी मागे ठेवायचं नाही, असेल तेवढं सगळं लावून टाकायचं. मी ते अक्षरशः पाळायचे. उगवलेली जास्तीची रोपं शेजारी वाटायचे.

दृष्टीचा विषयही ती सोडायची नाही. मला दिवस गेले तेव्हा तर दर शुक्रवारी. "पोर झालं की दृष्ट काढायची, आणि दृष्टीला घरचीच मिरची पाहिजे. दुकानातल्या मिरचीला काय माहीत पोर कुणाचं?" फोनचा स्पीकर चालू असायचा. हे पलीकडे पेपर वाचत बसलेले, ते पेपर तोंडावर धरून हसायचे. पुढे कितीतरी दिवस हे वाक्य आमच्या घरात चाललं. बाजारात मी मिरच्या निवडायला लागले की हे गंभीर चेहरा करून विचारायचे, "ह्यांना माहीत आहे का आपण कोण?"

आई बाळंतपणाला यायची होती. तिचा पासपोर्ट व्हायचा होता. पोलीस येऊन चौकशी करून गेले होते. डिंक, हळीव, मेथी असं सगळं बांधून ठेवलं होतं तिने. पासपोर्ट वेळेवर आला नाही आणि मुलगी वेळेवर आली, ऑगस्टमध्ये. त्या शुक्रवारी दवाखान्यातून घरी आल्या आल्या मी फोन केला. नातीचं नाक कुणावर गेलंय ते विचारून झाल्यावर तिने विचारलं, "मिरच्या उगवल्या का?"

"अगं आई, आत्ता मला मिरच्यांचं कसलं सुचतंय? ह्यांनी फ्रिजवर ठेवल्यात. अजून नाही उगवल्या."

"उगवतील. घाई करू नको," ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारच्या आत धाकट्या भावाचा फोन आला. आई सकाळी परसात गेली होती, तिथेच बसली आणि उठली नाही. डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं.

मुलीचा पासपोर्ट झालेला नव्हता. अंगावर पिणारं बाळ इथे ठेवून मी जाऊ शकत नव्हते, आणि पासपोर्ट नसलेलं बाळ विमानात नेता येत नव्हतं. हे एकदोन ठिकाणी जाऊन आले. "इन्शाल्ला, दहा दिवसांत होईल," असं कुणीतरी सांगितलं. दहा दिवसांनी मी जाऊन काय करणार होते? समोरच्या फ्लॅटमध्ये एक मराठी वहिनी होत्या, वयाने मोठ्या, मायेच्या. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी माझे डोळे पुसले. "रडायचं नाही," म्हणाल्या. "ओली बाळंतीण आहेस. पोरगी अंगावर पितेय, सगळं तिला बाधेल." एक-दोनदा मला हुंदका आला, तर त्यांनी बाळच माझ्या मांडीवर आणून ठेवलं. मग मी रडले नाही. त्यानंतर रडण्याची वेळ निघून गेल्यासारखं झालं.

मिरच्या त्याच आठवड्यात उगवल्या. शुक्रवार आला, आणि ते सांगायला कुणी नव्हतं.

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर गावी गेले. घराच्या मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं तर परस नव्हतं. वाळूचा ढीग, खडी, सळया. भाऊ मागे दोन खोल्या काढत होता. "ताई, पावसाच्या आधी स्लॅब उरकायचाय," तो म्हणाला. त्याची काही चूक नव्हती, त्याचीही पोरं मोठी होत होती. मी विचारलं, आईच्या मिरच्यांचं बी कुठे आहे? तो बायकोकडे बघायला लागला. आईने त्या मृगाला लावलेली झाडं खडीखाली गेली होती, आणि घरात होती ती सगळी मिरची तेराव्याच्या स्वयंपाकात गेली होती. शेजारणींकडे फिरले. आईने सगळ्यांना कधी ना कधी बी दिलेलं. पण आता सगळ्या दुकानातलं पाकीट आणत होत्या. "ती बारकी मिरची तोडायला जीव जातो गं," एकीने सांगितलं.

म्हणजे आईची मिरची आता जगात एकाच ठिकाणी राहिली होती, रास अल खैमातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. मी विमानात बसले तेव्हा मला दुसरं काही सुचत नव्हतं. समोरच्या वहिनी कुंड्यांना पाणी घालत होत्या. घातलं असेल ना, एवढंच मनात.

घातलं होतं. आणि मग मी त्या मिरच्यांच्या बाबतीत जरा वेडीच झाले, हे आता कबूल करायला हरकत नाही. एखादं झाड उन्हाळ्यात घरात जगवून बघितलं, तर त्याला चुरडामुरडा होऊन पानं आक्रसली. तेव्हा आपलं दरवर्षी नवं बी, नवे ग्लास, नवा पुठ्ठा. मुलगी रांगत होती तेव्हा तिला खिडकीपासून दूर ठेवायला मी बेडरूमच्या दारात पाट आडवा लावायचे. पुढे ती बोलायला लागली, नर्सरीत जायला लागली, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. पण रोपांना ती "आजीचे बेबीज" म्हणायची. रोज सकाळी खिडकीशी जाऊन त्यांना गुड मॉर्निंग म्हणायची.

ती चार वर्षांची होत आली होती त्या मे महिन्यात तिला ताप भरला. साधा ताप म्हणून औषध दिलं. उतरला, परत चढला. क्लिनिकच्या डॉक्टरांनी औषध बदललं. पुन्हा तेच. मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासायला दिलं, रिपोर्ट यायचा होता. दुपारी ताप एवढा चढायचा की ती छताकडे बघून काहीतरी बडबडायची. खाणं बंद झालं. हातावरची शीर न् शीर मोजता येईल एवढी वाळली. मी तिच्याजवळून हलतच नव्हते. बाल्कनीतली झाडं त्या आठवड्यात होरपळून गेली, तिकडे मी बघितलंही नाही. चिंता नव्हती, बियाण्याच्या मिरच्या मी आधीच ओवून खिळ्याला टांगल्या होत्या.

एका दुपारी हे रजा टाकून घरी होते. मी पलंगावर, तिचं डोकं माझ्या मांडीवर, कपाळावर ओली घडी. हे स्वयंपाकघरातून आले ते मूठ मिटून. ते पलंगाशी उभे राहिले आणि मूठ मुलीवरून ओवाळायला लागले, डोक्यापासून पायापर्यंत. ओठ हलत होते. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची असं काहीतरी, अर्धवट आठवत असलेलं. शिकलेला माणूस, देवाला नमस्कार करायचा तर घड्याळ बघणारा. मला भरून आलं. वाटलं, किती घाबरलाय हा माणूस, आणि मला एका शब्दाने बोलला नाही. मी त्यांच्या मुठीकडे बघितलं नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

ते आत गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला, तव्याचा आवाज आला. मोहरी तडतडली. आणि मग ठसका आला.

दुकानातल्या मिरचीचा ठसका घशाला लागतो. हा नाकातून थेट मस्तकात गेला. मला तो लहानपणापासून ठाऊक होता. आईने आमच्या परसात दिवेलागणीला चुलीत मिरच्या टाकल्या की आम्ही भावंडं खोकत अंगणात पळायचो, तोच. मुलगी मांडीवर उठून बसली. "आई, इट्स बर्निंग," म्हणत खोकायला लागली. मी तिला उशीला टेकवलं, बेडरूमचं दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात धावले.

खिळा रिकामा होता. दोरा ओट्यावर पडला होता.

तव्यावर सगळ्या काळ्या झाल्या होत्या. मी हातानेच तवा खाली ओढला, बोटं भाजली. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने की कशाने, कळायला मार्ग नव्हता.

"घरचीच लागते ना," ते म्हणाले. "आई म्हणायच्या."

भरणीभर दुकानातल्या मिरच्या हाताशी होत्या, त्यांना ह्यांनी हात लावला नव्हता. इतकी वर्षं जिच्यावर हसले, तिचं वाक्य त्यांनी नेमकं त्या दिवशी खरं मानलं होतं.

"पुढच्या वर्षी परत येतील ना?" त्यांनी विचारलं.

"कशातून येतील?" मी म्हटलं. "बी त्यांच्याच पोटात होतं."

भट्टीपुढे आयुष्य घालवलेला माणूस, पण त्या तव्याकडे बघताना त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते तिथेच खाली बसले. अगदी हळू म्हणाले, "आणि ठसका लागला गं. लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच ना?"

तसंच मानतात. दृष्ट असेल तर मिरचीला वास येत नाही, ठसका लागला म्हणजे नजरबिजर काही नाही, खरंच आजारपण आहे. म्हणजे मिरच्या गेल्या त्या फुकट गेल्या, आणि तो बिचारा मुलीसाठी आधीपेक्षा जास्त घाबरला. मी त्यांच्याशी काय भांडणार? मी म्हटलं, "उठा. खिडकी उघडा. ती खोकतेय."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, टायफॉइड निघाला. इंजेक्शनं सुरू झाली आणि ताप उतरत गेला. पहिल्यांदा तिने मऊ भात मागितला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "सुटलीस बाई." मी हो म्हटलं. पोर हातची जायची वाचली असताना सात-आठ मिरच्यांसाठी जीव तुटतोय, हे मी कुणाला सांगणार होते? मलाच त्याची लाज वाटत होती, आणि तरीही तुटत होता.

तव्यावरचं काळं बी ह्यांनी चिमट्याने एकेक वेचून वाटीत ठेवलं होतं. फ्रीजरमध्ये हिरव्या मिरचीचा ठेचा होता, त्यातलं बी कोवळं, वाटलेलं. डब्यात सांडगी मिरच्या होत्या, ताक-मिठात मुरवून वाळवलेल्या. त्या फोडून मी बी काढलं, पाण्यात धुऊन धुऊन खारटपणा घालवला. ज्यांना रोपं दिली होती त्या सगळ्यांना फोन केले. झाडं कधीच वाळून गेली होती, मिरच्या पोटात गेल्या होत्या. "क्या मस्त तीखी थी, भाभी," एकजण म्हणाली. "इस साल भी देना."

ऑगस्टमध्ये दोन ओली फडकी केली, एकात जळकं बी, एकात सांडग्यांचं. डबे फ्रिजवर ठेवले. ह्यांनी न सांगता बेडरूमच्या खिडकीचं फॉइल हातभर सोललं, लबानचे ग्लास मांडले, एसीपुढे पुठ्ठा लावला. मुलगी रोज सकाळी खिडकीशी जाऊन यायची. "आई, व्हेअर आर आजीज बेबीज?" मी म्हणायचे, यायचेत. महिना उलटून गेला तरी मी डबे उघडून बघत राहिले.

मग एका शुक्रवारी मी दोन्ही डबे खाली काढले. सांडग्यांचं बी कुजून बुळबुळीत झालं होतं. जळकं बी होतं तसंच होतं, बोटात धरलं तर भुगा झाला. फडकी धुतली, डबे घासले. खिडकीच्या सोललेल्या जागेतून ऊन सरळ पलंगावर येत होतं.

"फॉइल परत लावू का?" ह्यांनी विचारलं.

"लावा," मी म्हटलं.

ते लावत होते तेव्हा मी हॉलमध्ये जाऊन फोन उचलला. शुक्रवारची तीच वेळ होती. भावाने आता घरीच फोन घेतला होता. त्याने उचलल्यावर मला नुसतं "हॅलो" पण म्हणता येईना.

"काय गं ताई? सगळं ठीक आहे ना?"

"आई गेली रे," मी म्हटलं.

तो जपून म्हणाला, "ताई, चार वर्षं झाली गं त्याला."

"हो," मी म्हटलं. "पण तेव्हा मला रडू दिलं नव्हतं."